‘वही काढा’ म्हटल्यावर त्याने वहीचं चित्र काढलं

प्रश्न (जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा): वर्गात ३४ मुलं आहेत. त्यातल्या एकाला ऑटिझम आहे, तसं जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र आहे. परिपाठ सुरू झाला की तो कान झाकतो आणि पळत सुटतो. प्रश्न विचारला तर तोच प्रश्न परत म्हणतो. वहीत एक ओळ लिहीत नाही, पण एसटीच्या पाट्या सगळ्या वाचतो. कधीकधी स्वतःचा हात चावतो. आईवडील विचारतात, इथेच ठेवू की विशेष शाळेत घालू? माझं या विषयाचं कसलंही प्रशिक्षण झालेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

बाई, तो एसटीच्या पाट्या वाचतो हे तुम्ही टिपलंत. म्हणजे सुरुवात तुम्ही केलेलीच आहे. पाट्यांकडे पुढे येते, आधी एक प्रसंग सांगते.

मी तेवीस वर्षं विशेष शिक्षक म्हणून काम करते आहे. आधी विशेष शाळेत होते, नंतर गट साधन केंद्रातून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रातून, गावोगावच्या शाळांत फिरू लागले. एकदा दुसरीच्या वर्गात मागे बसून एका मुलाचं निरीक्षण करत होते. गुरुजी म्हणाले, "चला, वही काढा." सगळ्या वर्गाने दप्तरातून वह्या काढल्या. या मुलाने पाटी पुढे ओढली आणि वहीचं चित्र काढलं. समासाची रेघसुद्धा सोडली नाही. गुरुजींना वाटलं, चेष्टा करतोय. ओरडा बसला आणि उरलेला दिवसभर त्याने पेन्सिलीला हात लावला नाही. पुढे दुसऱ्या एका शाळेत "कविता पाठ करा" असं ऐकल्यावर एक मुलगी बाईंकडे पाठ करून बसलेली मी पाहिली.

आपण वही काढतो, चित्र काढतो, सहल काढतो, दिवस काढतो आणि कुणाची आठवणही काढतो. यातलं आत्ता कोणतं काढायचं हे बाकीच्या मुलांना प्रसंग बघून कळतं. या मुलाने शब्द ऐकला आणि त्याचा त्याला ठाऊक असलेला सरळ अर्थ घेतला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. शाळेचा दिवस अशा न सांगितलेल्या गोष्टींवर चालतो. "मुलांनो" म्हटलं की त्यात मीही आलो, बाई हाताची घडी घालून नुसत्या उभ्या राहिल्या की गप्प बसायचं, "जरा थांब" म्हणजे साधारण किती, लांब घंटा कशाची आणि तुटक घंटा कशाची, हे आपण कुणालाच शिकवत नाही. बाकीची मुलं ते आपोआप उचलतात. ऑटिस्टिक मुलाला ते सांगावं लागतं, आणि सांगण्यापेक्षा दाखवलेलं जास्त पोचतं. तुमच्यापुढचं मुख्य काम एवढंच आहे.

ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात भिन्नता आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, तिथून या नावाने तिची ओळख झाली. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक असं प्रमाण धरतात, म्हणजे चार-पाच वर्गांच्या प्रत्येक शाळेत एखादं मूल असणार. कुणी बोलत नाही, कुणी अखंड बोलतं. कुणाला बौद्धिक अक्षमताही असते, कुणी पाढ्यांमध्ये सगळ्यांच्या पुढे असतं. म्हणून याला स्पेक्ट्रम, म्हणजे छटांचा पट्टा, म्हणतात. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे, कागदोपत्रीही तोच येतो. मला तो पटत नाही. स्वतःत मग्न म्हटलं की बाहेरचं काही पोचतच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात या मुलांच्या बाबतीत बाहेरचं सगळं एकाच वेळी, एकाच जोराने आत येतं आणि त्यातलं महत्त्वाचं कोणतं ते निवडणं जड जातं.

आता परिपाठ. तुमच्या शाळेत लाउडस्पीकर आहे का? व्हरांड्यावर पत्रा आहे का? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, मध्येच कुणाला दटावणं, वर पत्र्याचा घुमारा, शेजारच्या मुलाचा खांद्याला लागणारा खांदा. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना हा आवाज कानात दुखतो, अगदी शब्दशः. कान झाकणं हा त्याने स्वतः शोधलेला उपाय आहे, तो काढून घेऊ नका. त्याला स्पीकरपासून सगळ्यात दूर, रांगेच्या शेवटच्या टोकाला उभं करा, म्हणजे एका बाजूला तरी कुणी नसेल. कारखान्यातले कामगार कानावर लावतात तसे इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते चालतात. पहिले पंधरा दिवस फक्त राष्ट्रगीतापुरता रांगेत आणि बाकी वेळ वर्गाच्या दारातून परिपाठ बघायचा, असं ठरवलं तरी काही बिघडत नाही. मुख्याध्यापकांना आधी समजावून सांगा, म्हणजे त्यांच्यासमोर तो दारात उभा दिसला तर तुम्हालाच उत्तर द्यावं लागणार नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळतात तेव्हा, पोषण आहाराच्या खिचडीला फोडणी पडते तेव्हा, २६ जानेवारीच्या आधी लेझीम आणि ताशाचा सराव सुरू होतो तेव्हाही हेच होणार. ते दिवस आधीच हेरून ठेवा.

पळण्याचं दुसरं कारण आवाजाइतकंच मोठं आहे. परिपाठ कधी संपणार हे त्याला कळत नाही. कुठल्याही त्रासाला शेवट दिसत नसेल तर आपणही उठून जाऊ.

यासाठी वर्गात एक दोरी बांधा. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे घ्या. एकेका पुठ्ठ्यावर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात शब्द: परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, खेळ, घर. सकाळी तो आला की त्याच्यासोबत ती डावीकडून उजवीकडे ओळीने लावायची. एक काम संपलं की कार्ड त्यानेच काढून ‘झालं’ लिहिलेल्या डब्यात टाकायचं. तो डबा अगदी महत्त्वाचा आहे, कारण संपलेलं हातात येतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांनी उभ्या केलेल्या टीच या पद्धतीचा हा गाभा आहे, आणि तिथे लागतं तेच इथेही लागतं: पुठ्ठा, चित्र, क्रम. एक कार्ड ‘बदल’ असं लिहून वेगळ्या रंगाचं करा. अचानक केंद्रप्रमुख आले, गणिताऐवजी लसीकरण आलं, तर ते कार्ड दाखवून त्या जागी लावायचं. सुरुवातीला मुद्दाम चांगल्या बदलासाठी वापरा, म्हणजे गणिताऐवजी खेळ. नाहीतर त्या रंगाचीच धास्ती बसते.

बघता बघता बाकीची मुलंही त्या दोरीकडे पाहून वागू लागतात. माझ्या पाहण्यात असा एकही वर्ग नाही जिथे हे झालं नाही.

बोलताना वाक्यं छोटी करा. "गोंधळ नको" याऐवजी "हात मांडीवर" म्हणा, कारण काय करायचं ते त्यात आहे. "खिडकी लावतोस का?" असं विचारलं तर तो "नाही" म्हणेल आणि ते उद्धटपणाचं नसेल, तुम्ही प्रश्न विचारलात आणि त्याने उत्तर दिलं. आधी नाव घ्या, मग सूचना द्या, मग मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा दिलीत तर त्याच्या डोक्यात पहिलीची जुळणी मोडते आणि त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. मुख्याध्यापकांनाही "तू" म्हणत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. आदरार्थी रूपं हीसुद्धा न सांगितलेलीच गोष्ट आहे, ती सावकाश शिकवता येते.

एक कबुली इथेच देते. माझ्या पहिल्या वर्षांत मी "माझ्याकडे बघ" म्हणून मुलांची हनुवटी धरून वळवत असे. तेव्हा तसंच शिकवलं होतं. एक मुलगा माझ्या तासाला यायचाच बंद झाला. कितीतरी वर्षांनी एका ऑटिस्टिक तरुणीने मला सांगितलं की डोळ्यांत बघायला लावलं की तिला समोरच्याचं बोलणं ऐकू येणंच थांबतं. तुमचा विद्यार्थी खिडकीकडे बघत असेल तरी ऐकत असू शकतो. ऐकलं की नाही हे कामावरून पडताळा, डोळ्यांवरून नको.

प्रश्न परत म्हणण्याला आम्ही इकोलेलिया म्हणतो. पूर्वी ती निरर्थक बडबड समजून थांबवायला शिकवत. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकान यांनी १९८१ मध्ये या प्रतिध्वनींचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांत वेगवेगळे हेतू दिसले: होकार देणं, पाळी घेणं, मागणी करणं, विचार करायला वेळ मिळवणं. तुमचा विद्यार्थी "तुला पाणी पाहिजे?" असं तुम्हालाच म्हणाला तर बहुधा त्याला तहान लागलेली असते. पाणी मिळतं तेव्हा जे वाक्य कानावर पडतं, ते त्याने अख्खं उचललेलं असतं. अशा वेळी दुरुस्ती करत बसू नका. त्याच्या बाजूने "मला पाणी पाहिजे" एवढंच म्हणा आणि पाणी द्या. प्रश्न विचारताना पर्याय लिहून दाखवलेत, ‘३ / ५ / ८’, आणि बोट ठेवायला सांगितलंत, तर प्रतिध्वनीत अडकलेलं उत्तर बाहेर येतं. अजिबात न बोलणारं मूल पुढे कधी तुमच्या वर्गात आलं तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. चित्रं वापरल्याने बोलणं मागे पडेल ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. तसं होत नाही.

हात चावण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिलं, दुखणं वगळा. किडलेला दात, कानातला ठणका, बद्धकोष्ठता, पोटदुखी. कुठे दुखतंय हे सांगणं सोडाच, दुखतंय हे स्वतःला कळणंही या मुलांना अवघड असू शकतं. आईला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणायला सांगा. मध्येच काही क्षण तो एकटक शून्यात बघत राहतो आणि हाक मारून, हात लावूनही भानावर येत नाही, असं दिसलं तर तेही लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगायला लावा. ऑटिझमसोबत फिट्स येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं.

मग दोन आठवडे एक वही ठेवा. चावण्याआधी काय घडलं, किती वाजले होते, तुम्ही काय केलंत, नंतर काय झालं. चार शब्दांत लिहा, पण रोज लिहा. एका शाळेत आम्ही अशी वही ठेवली तेव्हा कळलं की मुलगी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी ओरडते. त्या दोन दिवशी शेजारच्या वर्गात हार्मोनियम असायची.

हट्ट आणि कोसळणं यांतला फरकही त्या वहीतून कळतो. हट्ट करणारं मूल मध्येच डोळा उघडून कोण बघतंय ते पाहतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. कोसळलेल्या मुलाला काही नको असतं. हवं ते दिलं तरी थांबत नाही, कारण थांबणं त्याच्या हातात उरलेलं नसतं. त्या वेळी समजूत, धमकी, "का केलंस" हे प्रश्न, गोंजारणं, सगळं आगीत तेल असतं. बाकीच्या मुलांना दुसरीकडे न्या, पंखा आणि दिवा बंद करा, हाताखाली जाड ओढणी किंवा रबरी नळीचा तुकडा येईल असं बघा, आणि दोन हात अंतरावर गप्प बसा. शांत झाल्यावर लगेच अभ्यासाला लावू नका, तो थकलेला असतो. खरं काम त्याआधीच्या पाच मिनिटांत आहे. येरझाऱ्या, गुणगुणणं वाढणं, कान लाल होणं, काही ना काही खूण प्रत्येक मुलाची असते. ती दिसली की त्याच्या हातात ‘मला बाहेर जायचंय’ असं कार्ड द्यायचं, आणि त्याने ते दाखवलं की एकदाही नाही म्हणायचं नाही. बाहेर म्हणजे ठरलेली एकच जागा, झाडाखालचा कट्टा किंवा ग्रंथालयाचा कोपरा. पळून जाणाऱ्या मुलाला जाण्याचा मान्य रस्ता मिळाला की पळणं कमी होतं.

हात फडफडवणं, डोलणं हे मात्र थांबवू नका. त्याने त्याला किंवा कुणाला इजा होत नसेल तर ते त्याचं स्वतःला सावरणं आहे.

आता एसटी. वहीत लिहीत नाही याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे बोटांत ताकद आणि नेमकेपणा कमी असणं. दुसरं म्हणजे का लिहायचं हे न कळणं. पहिल्यासाठी अक्षरांची, अंकांची कार्डं मांडू द्या, तोंडी उत्तरं घ्या, तिसरीच्या बारीक रेघांऐवजी मोठ्या चौकटी आखून द्या, एका पानावर एकच उदाहरण द्या. दुसऱ्यासाठी त्याच्या पाट्या घ्या. गाडी ९:१५ ला सुटली आणि १०:४० ला पोचली, प्रवास किती वेळाचा? साताऱ्याचं तिकीट इतकं, दोन पूर्ण आणि एक अर्धं तर किती? जोडाक्षरं ‘कोल्हापूर’, ‘महाबळेश्वर’, ‘त्र्यंबकेश्वर’मधून येऊ द्या. त्याला वर्गासाठी पाट्या लिहायचं काम द्या: ‘वर्ग तिसरा’, ‘पिण्याचे पाणी’. मी पाहिलंय, वहीत न लिहिणारी मुलं पाटी रंगवायला बसतात. फक्त ही आवड बक्षीस म्हणून टांगती ठेवू नका, "अभ्यास केलास तरच एसटी" असं. एसटी हाच अभ्यास आहे.

वर्गमित्रांशी बोला, पण त्याच्या आईवडिलांना विचारून. ‘आजारी’, ‘बिचारा’ हे शब्द टाळा. "त्याच्या कानांना आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, म्हणून तो कान झाकतो" एवढं तिसरीच्या मुलांना पुरतं, आणि ती फार समजूतदार असतात. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलू नका, तो ऐकतो आहे. "जा, खेळ त्यांच्यात" म्हणून मैदानात सोडू नका. नियम स्पष्ट असलेला खेळ द्या, सापशिडी किंवा लगोरीत दगड मोजायचं काम. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. ओझं मात्र सगळं त्यांच्यावर टाकलं जातं. हे वाचल्यापासून माझी काम करायची पद्धत बदलली.

जाता जाता, तुमच्या वर्गातल्या एखाद्या गप्प, गुणी, मैत्रिणीची हुबेहूब नक्कल करत वावरणाऱ्या आणि घरी गेल्यावर तासभर रडणाऱ्या मुलीकडेही बघा. मुलींचा ऑटिझम असाच नजरेतून सुटतो.

आईवडिलांना दोन गोष्टी तुमच्या तोंडून कळू द्या. यात त्यांचं काही चुकलेलं नाही. एके काळी ‘थंड’ आयांमुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे लोक म्हणत, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञ बापाने १९६४ साली ते खोडून काढलं. आज आयांच्या माथी मोबाइलचा दोष मारतात. कॅनर यांच्या ११ मुलांपैकी कुणाच्या घरी मोबाइल नव्हता. लशींचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेखही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. दुसरी गोष्ट, बरं करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. स्टेम सेलचे उपचार लाखांत जातात, आणि ऑटिझमसाठी ते करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. जमीन विकलेली घरं मी पाहिली आहेत.

इथेच की विशेष शाळा? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड त्यांची. म्हणजे तुमची शाळा त्याला नाही म्हणू शकत नाही, आणि विशेष शाळेत जा असं सुचवूही नये. माझं मत विचाराल तर, जो मुलगा पाट्या वाचतो आणि तुमच्यासारख्या बाईंच्या वर्गात आहे, त्याने इथेच राहावं. गट साधन केंद्राला लेखी पत्र देऊन विशेष शिक्षकाच्या भेटी मागा, तोंडी सांगू नका. दिव्यांगांसाठीचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलंय का ते बघा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीही धरतात, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. आत्ताची तुमची वही, त्याला दिलेल्या सवलतींची नोंद, हे सगळं जपून ठेवा. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागताना ते कामाला येतं.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दोरी आणि परिपाठातली जागा, दुसऱ्यात बाहेर जायचं कार्ड. महिनाभरात फरक दिसेल, आणि मग दिवाळीची सुट्टी लागेल. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तो पुन्हा पळेल, कान झाकेल, कदाचित हातही चावेल. आई म्हणेल, सगळं वाया गेलं. तसं नसतं. सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत दोरीचा आणि वर्गाचा फोटो आईच्या फोनवर पाठवा, तिने तो त्याला रोज दाखवावा. शाळा उघडेल त्या दिवशी त्याला दहा मिनिटं आधी बोलवा आणि रिकाम्या वर्गात दोघं मिळून कार्डं लावा, पहिलं ‘परिपाठ’, शेवटचं ‘घर’.